निरोपात घ्यायची आणि न घ्यायची नावे

मी, टेओफिल द्रिएन्चान, वय वर्षे सहासष्ट, व्यवसाय कविता, सध्या पेन्शनवर, राहणार मौजे येद्लोविना, ह्रोन नदीचे खोरे, चेकोस्लोव्हाक समाजवादी गणराज्य, हे माझे अखेरचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. डावा गुडघा आणि उजवे फुप्फुस शाबूत नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही.

अशा कागदावर ‘कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने’ असे लिहिण्याची पद्धत आहे. ते शब्द मी मुद्दाम गाळले आहेत. १९५२ साली एका निवेदनात ते माझ्या तोंडी घातले होते. ते निवेदन मी लिहिले नव्हते. मी ते पाठ केले आणि न्यायालयात एकही ओळ न चुकता म्हणून दाखवले. तेव्हापासून ज्या कागदावर ते शब्द दिसतात तो मी दोनदा वाचतो. या कागदावरचे अक्षर माझेच आहे का, अशी कोणाला शंका आली तर ब्रातिस्लावातल्या एका कचेरीत ते ओळखणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांना विचारावे.

कलम १. घर.

आईकडून मला आलेले हे घर, मागची परसबाग, आलुबुखाराची झाडे आणि विहीर हे सर्व माझ्या धाकट्या भावाची विधवा पावलीना हिला द्यावे. १९७० साली मला पक्षातून काढले, माझी पुस्तके वाचनालयांतून उचलली, आणि मी दोन सुटकेसा घेऊन गावी आलो, तेव्हा या घराचे दार तिने उघडले. आत घेण्याआधी म्हणाली, “भाऊजी, बूट बाहेर काढा. आत्ताच फरशी पुसलीय.” त्या वर्षी माझ्याशी पूर्वीसारखे बोललेले ते एकमेव माणूस.

अट एकच. या घरावर पाटी लावू नये. आत स्मृतिदालन करू नये. माझा पुतळा, अर्धा किंवा पूर्ण, दारात उभा करू नये. ही भीती काल्पनिक नाही, हे पुढे कलम ४ मध्ये दिसेल. एवढे सांगूनही कोणी पाटी ठोकलीच, तर तिच्या खिळ्याला पावलीनाने कपडे वाळत घालायची दोरी बांधावी.

कलम २. बचत.

पोस्टात जे आहे ते पावलीनाला, छपरासाठी. किती आहे ते मी लिहीत नाही. पोस्टातल्या बाईंना ठाऊक आहे, म्हणजे गावाला ठाऊक आहे.

कलम ३. अवजारे आणि वस्तू.

कोयता आणि त्याचा धार लावायचा दगड पावलीनाच्या जावयाला. त्याला धार लावता येत नाही, पण शिकण्याचे वय आहे.

आलुबुखारे आंबवण्याची पिंपे घरातच राहावीत. गावच्या दारूभट्टीवर आमची पाळी नोव्हेंबरात येते. ती पावलीनाच्या नावावर करावी, आणि भट्टीवाल्यावर नजर ठेवावी. पहिल्या धारेची बाटली त्याच्या कोटात जाते असा माझा जुना संशय आहे.

टाइपरायटर गावच्या अग्निशमन दलाला, नाचाच्या जाहिराती काढण्यासाठी. त्यातल्या एका अक्षराचा पाय तुटका आहे. त्या अक्षराचा नमुना कुठल्या फायलीत लावलेला आहे याची मला कल्पना आहे. यापुढे ज्या साहेबांना तो जुळवून पाहायचा असेल, त्यांनी शनिवारच्या पोल्का नाचाची वेळ वाचत बसावे.

१९४४ च्या नाझींविरुद्धच्या उठावाचे पदक. ते मला मिळाले तेव्हा मखमली पेटीत होते. अटकेच्या वेळी काढून घेतले. १९६३ साली ‘चूक झाली’ असे सांगून परत दिले, तेव्हा कागदी पिशवीत होते. पेटी कोणाकडे गेली ते कळले नाही. पदक माझ्याबरोबर पुरावे. आणखी एकदा कोणी काढून नेऊन पुन्हा परत द्यावे असे मला वाटत नाही.

माझ्या अप्रकाशित कविता नाहीत. हे वाक्य मी शोधायला येणाऱ्यांसाठी लिहितो. फरशी उकरू नये, मधमाश्यांच्या पेट्या उघडू नयेत, पावलीनाला प्रश्न विचारू नयेत. तिला काही माहीत नाही, आणि माहीत असते तरी तिने तुम्हाला आधी बूट काढायला लावले असते.

कलम ४. विन्सेन्त लाबाय.

हा माझा जुना मित्र. प्रागमध्ये कायदा शिकत असताना आम्ही एका खोलीत राहिलो, एकच हिवाळी कोट आळीपाळीने घातला, एकाच संध्याकाळी पक्षात गेलो आणि एकाच मासिकात पहिली कविता छापली. त्याची पहिल्या पानावर होती. लढाईत तो डोंगरात माझ्याबरोबर होता, हे नाकारत नाही. चालायला चांगला होता. १९५१ साली मला ‘बूर्ज्वा राष्ट्रवादी’ म्हणून धरले, तेव्हा त्याला धरले नाही. हेही नाकारत नाही.

जे निवेदन मी पाठ केले त्याची भाषा पोलिसांची नव्हती. लिहिणाऱ्याला कान होता. कुठे श्वास घ्यायचा ते त्याला कळत होते. अशी वाक्ये लिहू शकणारी माणसे त्या वेळी देशात फार नव्हती, आणि त्यांतली बरीचशी माझ्यासारखीच आत होती. मी विन्सेन्तला हे कधी सरळ विचारले नाही. त्यानेही कधी सरळ नाकारले नाही.

गेल्या सप्टेंबरात तो इथे आला. काळ्या सरकारी तात्रा गाडीतून, चॉकलेटचा डबा घेऊन. तो आता लेखक संघात मोठ्या जागेवर आहे. बाकावर बसला आणि खोलीभर पाहत राहिला.

“टेओ, तू तर इथं राजासारखा राहतोस! हवा काय, झाडं काय!”

“मग ये राहायला. तुलाही हाकलतील कधीतरी.”

“तुझी जीभ काही सुधारायची नाही. अरे, संघात लोक तुझी आठवण काढतात.”

“कोण?”

“लोक.”

“नावं सांग.”

“घ्या! चौकशी कोण करतंय, तू का मी?” तो हसला. मग खिडकीखालच्या भिंतीकडे बोट करून म्हणाला, “इथं काचेचं कपाट छान दिसेल.”

“कशाला?”

“पुढेमागे. तुझा चष्मा, पेन, टोपी…”

“चष्मा मी घालतो.”

“आत्ता घालतोस रे,” विन्सेन्त म्हणाला.

निघताना माझ्या खोकल्याची चौकशी केली, डॉक्टर कोण ते विचारले, आणि ते मनात टिपून घेतले. जिवंतपणी हाकललेला कवी मेल्यावर पुन्हा उपयोगाचा होतो, हे मी संघात असताना स्वतः पाहिले आहे. हार येतात, भाषण येते, पाटी येते. हाकलले होते एवढे मात्र भाषणात येत नाही.

सबब विन्सेन्त लाबाय किंवा संघाच्या कोणाही माणसाने माझ्या कबरीपाशी बोलू नये. त्याला माझ्याकडून त्याने आणलेला चॉकलेटचा डबा द्यावा. तो फोडलेला नाही. पावलीनाने पाहताक्षणी सांगितले होते, “भाऊजी, ही रिबन इस्त्री केलेली आहे. हा डबा आधी एकदा कोणीतरी कोणालातरी दिलाय.”

कलम ५. माझी मुलगी.

झेल्मिरा, माझे एकुलते एक अपत्य, १९६९ पासून स्वीडनमध्ये आहे. परवानगीशिवाय देश सोडला म्हणून तिला गैरहजेरीत शिक्षा झाली आहे आणि तिच्या मालमत्तेवर जप्ती आहे. मी तिच्या नावे जे ठेवीन ते त्याच दिवशी सरकारजमा होईल. चमचा ठेवला तरी चमचा सरकारचा होईल. माझ्या अंत्यविधीला तिला येता येणार नाही. आली तर परत जाता येणार नाही.

तिची आई, माझी पत्नी, हिने माझ्या अटकेनंतर पक्षाने सांगितल्याप्रमाणे घटस्फोट घेतला आणि पोरीला इथे माझ्या आईकडे पाठवले. पत्नी आता हयात नाही. तिच्याविषयी मला काही लिहायचे नाही.

तर झेल्मिराला काही नाही. हे कलम मी तीनदा लिहून पाहिले, प्रत्येक वेळी एवढेच उरते.

कलम ६. निरोप.

आमच्या गावात मयताला कबरीकडे नेण्याआधी अंगणात निरोप गातात. चर्चचा गायक तो पद्यात रचतो आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी घालतो. ‘मी आता जातो,’ असे म्हणून मेलेला माणूस एकेकाचा नावाने निरोप घेतो. आधी नवराबायको, मग मुले, भावंडे, व्याही, शेजारी. ज्याचे नाव येते तो रडतो. ज्याचे येत नाही त्याच्याकडे सगळे अंगण पाहते, आणि पाहिलेले विसरत नाही. हल्ली तालुक्याहून खांद्यावर सरकारी पट्टा घातलेली एक बाई पाठवतात. ती टेपवर संगीत लावून कागदावरून असलाच निरोप वाचते. देवाचे नाव तेवढे गाळलेले असते.

एकदा दुसऱ्याने माझ्या तोंडी ‘मी’ घातला आहे. तेवढा पुरे. पट्टेवाली बाई नको, संघाचा कवी नको, आणि विशेष करून गेदेओन ओंद्रुश नको.

गेदेओन ओंद्रुश हा आमच्या चर्चचा गायक. कुंपणापलीकडे राहतो. शाळेत माझ्या बाकावर बसत असे. आईचा निरोप त्याने रचला आणि गायला. ती १९५३ च्या हिवाळ्यात गेली, तेव्हा मी तुरुंगात होतो. त्या निरोपात तिने माझ्या भावाचा, पावलीनाचा, लहानग्या झेल्मिराचा आणि सगळ्या शेजाऱ्यांचा निरोप घेतला. माझे नाव नव्हते. मी सुटून आलो त्या दिवशी बसमधून उतरताच पहिल्या भेटलेल्या म्हातारीने ही बातमी मला दिली. “तुझं नाव घेतलं नव्हतं हो!” असे म्हणून ती हसलीसुद्धा. तेव्हाच्या पक्षसचिवाच्या भीतीने गेदेओनने मला माझ्या आईच्या तोंडून पुसून टाकले. याखेरीज माझ्याविषयी तो आणखी कुठे काय बोलला असेल, याची मी बरीच वर्षे मनाशी जुळवाजुळव करत आलो आहे.

तेव्हापासून आमच्यात फक्त नाशपातीच्या झाडावरून बोलणे होते. झाड कुंपणावर आहे.

सबब माझा निरोप कोणीही गाऊ नये. अंगण गप्प असावे.

कलम ७. दुसऱ्या दिवशी लिहिलेले.

हाताने लिहिलेल्या इच्छापत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. अक्षराची नक्कल करणाऱ्या लोकांशी माझी गाठ पडलेली आहे. काल मी पावलीनाला दोन साक्षीदार आणायला पाठवले. शाळेचे हेडमास्तर म्हणाले की त्यांना ताप आहे. सहकारी दुकानाचा व्यवस्थापक म्हणाला की चष्मा फुटला, न वाचता सही कशी करू. पावलीना म्हणाली, “त्याच चष्म्यातून मला वजन करून साखर दिली की हो त्यानं.”

आज सकाळी ती न विचारता गेदेओनला घेऊन आली.

“हा सही करतो म्हणतोय,” ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

“याला कोणी बोलावलं?”

“मी बोलावलं. गावात हात थरथरत नाही असा हा एकच उरलाय.”

गेदेओनने टोपी काढली आणि टेबलावरचा कागद ओढला. “वाचल्याशिवाय मी करणार नाही. तू काय लिहिशील याचा भरवसा नाही.” मी अडवले नाही. सहावे कलम त्याने वाचावे अशी माझीही इच्छा होती. तो ओठ हलवत वाचत गेला. मग कागद खाली ठेवला.

“टेओ, तू गाढव आहेस.”

“सचिव तुझ्याकडे आला होता की नाही?”

“आला होता.”

“झालं तर मग.”

“निरोपानंतर आला होता. माझा हात हातात घेऊन म्हणाला, ‘कॉम्रेड, त्या गद्दाराला गाळलंस, बरं केलंस.’ मी म्हटलं, ‘हो कॉम्रेड.’ दुसरं काय म्हणणार? मला घरी चार पोरं. पण गाळलं मी नाही. तुझ्या आईनं गाळलं.”

“खोटं.”

“आठवडाभर आधी मला बोलावलं तिनं. एकेक नाव सांगितलं. मी म्हटलं, ‘आणि टेओ?’ तर अंथरुणात उठून बसली. म्हणाली, ‘टेओचं नाव घेशील तर कबरीतून उठून तुझ्या कानाखाली वाजवीन.’”

असे वाक्य माझ्या आईचे असू शकते.

“अरे, अंगणात नसलेल्याचा निरोप घेतात का?” गेदेओन म्हणाला. “जो बाहेर आहे, परत यायचाय, त्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की संपलं, मेलेला माणूस त्याला सोडून जातो. पहिल्या महायुद्धात माझ्या बापानं किती आयांचे निरोप गायले. आघाडीवरच्या एकाही पोराचं नाव घेतलं नाही. आई जायची नाही, पोर येईपर्यंत थांबायची. गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे हे. तुला कसं नाही?”

मला नव्हते. मी दहाव्या वर्षी शहराच्या शाळेत गेलो. गावात येत असे तो सुट्टीत, आणि चर्चच्या माणसांच्या अंगणात जात नसे. पक्षात तसे बरे दिसत नव्हते.

तरी मी पावलीनाकडे वळलो. एकाच माणसाच्या सांगण्यावर मी काही मानत नाही. “तू होतीस तिथं?”

“त्यांचे केस विंचरत होते मी. असंच म्हणाल्या त्या. कानाखालीसुद्धा.”

“मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलंत, भाऊजी? तुम्ही कोणाला विचारतच नाही. नुसता संशय घेता.” तिने कोबीचे सूप आणून तिघांपुढे ठेवले. “बसच्या थांब्यावरची म्हातारी तुम्हाला चांगली बातमी सांगत होती. तुम्ही तिच्याशी ती मरेपर्यंत बोलला नाहीत.”

गेदेओनने सूप संपवले. जाताना दारात थांबून म्हणाला, “आणि नाशपातीचं झाड माझ्या बाजूला आहे.”

दोघांनी मिळून हे रचले असेल, ही शक्यता मी दुपारभर तपासून पाहिली. पावलीनाला खोटे रचता येत नाही, तिच्या रिबनीवरच्या निरीक्षणावरूनही हे दिसते. गेदेओनला रचता येते, पण त्याला मी पद्यात ओळखले असते. हे गद्य होते.

कलम ८. बदल.

कलम ६ रद्द. मी ते खोडत नाही. खोडलेले लोक आधी वाचतात.

माझा निरोप गेदेओन ओंद्रुशने रचावा आणि गावा. त्याच्या यमकांविषयी माझे मत बदललेले नाही, पण मी ऐकायला नसेन. पुढील नावे घ्यावीत. पावलीना, पहिली. तिची मुलगी आणि जावई. उजव्या हाताचे शेजारी, डाव्या हाताचे शेजारी. तापवाले हेडमास्तर. चष्मा फुटलेला दुकानदार. दारूभट्टीवाला. लेखक संघ, संस्था म्हणून.

विन्सेन्त लाबाय याचे नाव मोठ्या आवाजात, पूर्ण नावानिशी घ्यावे. त्याचा निरोप पक्का व्हायला हवा. निवेदन कोणी लिहिले हे मला अजूनही कळलेले नाही, आणि आता मी त्याच्यासाठी थांबणार नाही.

नाशपातीचे झाड मी गेदेओनला देत नाही, कारण साक्षीदाराला काही दिले तर कागद बाद होतो. त्यावर हक्क सांगणे थांबवतो, एवढेच.

माझी मुलगी झेल्मिरा हिचे नाव घेऊ नये.

अंत्यविधीला कोणत्या तरी कचेरीचा माणूस येईलच, आणि त्याला हे कलम आवडेल. पळून गेलेल्या मुलीला बापाने टाकले, असे त्याने वर कळवावे. माझी हरकत नाही. पावलीना दर ईस्टरला तिला एक कार्ड पाठवते. पुढच्या कार्डावर, अंडी आणि कोंबडीच्या चित्रामागे, तिने लिहावे, ‘अंगणात तुझं नाव घेतलं नाही.’ पोस्टात उघडून वाचणाऱ्यानेही वाचावे. आजीच्या शवपेटीपाशी झेल्मिरा उभी होती. तिचे नाव घेतले होते, माझे नव्हते. ती तेरा वर्षांची होती आणि या गावात वाढत होती. तिला कळेल.

कलम ५ मध्ये तिला काही नाही असे लिहिले आहे. ते या कलमाला धरून वाचावे. यावर जप्ती आणता येत नाही.

येद्लोविना, १९ नोव्हेंबर १९७४

टेओफिल द्रिएन्चान
(सही)

साक्षीदार:

मिलोस्लाव कुबिश, व्यवस्थापक, सहकारी दुकान. चष्मा सापडला. फक्त सही पाहिली, मजकूर वाचला नाही.

गेदेओन ओंद्रुश, गायक, चर्च, येद्लोविना. मजकूर सगळा वाचला. यमके चांगली असतील. नाव घेणार नाही.